गरज नसलेली तपासणी आणि यंत्राचा सल्ला

ज्या तपासणीचा निकाल काहीही आला तरी पुढचा उपचार बदलणार नसतो, ती तपासणी अनावश्यक. व्याख्या एवढीच आहे; पाळायला मात्र अवघड. कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाचे उदाहरण घ्यावे. पायात बधिरपणा नाही, लघवी-संडासवरचा ताबा सुटलेला नाही, ताप नाही, वजन उतरलेले नाही, पूर्वी कर्करोग झालेला नाही. अशा माणसाची कंबर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. एमआरआय काढला तरी सल्ला तोच राहतो: हिंडते-फिरते राहा, दुखणे कमी करणारी गोळी घ्या, थोडी वाट पाहा. पण एमआरआय काढला की अहवालात काही ना काही लिहून येतेच. कंबरदुखीची तक्रारच नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकावेत तशी ही झीज. रुग्णाच्या कानावर मात्र ‘गादी सरकली आहे’ एवढेच पडते, आणि त्या दिवसापासून तो वाकायला, ओझे उचलायला, शेतात उतरायला घाबरू लागतो.

उपचारांचेही असेच आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी दुर्बिणीतून केली जाणारी ‘सफाई’ एकेकाळी सर्रास होत असे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये छापले गेले. काही रुग्णांवर खरी शस्त्रक्रिया झाली, तर काहींच्या गुडघ्यावर केवळ त्वचेला छेद देऊन टाके घातले गेले. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे दुखणे सारखेच होते. हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवण्याबाबत २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये २०० रुग्णांवर अशीच तुलना झाली. चालताना छातीत दुखणाऱ्या, पण स्थिर प्रकृतीच्या या रुग्णांमध्ये खरा स्टेंट बसवलेल्यांची आणि नुसताच उपचाराचा देखावा केलेल्यांची व्यायामक्षमता सहा आठवड्यांनी तपासली. दोन्ही गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाचा जीव हाच स्टेंट वाचवतो, हे येथे लगेच सांगितले पाहिजे. एकच उपचार एका रुग्णासाठी आवश्यक आणि दुसऱ्यासाठी निरुपयोगी असतो. म्हणून अनावश्यक उपचारांची यादी करून त्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. प्रत्येक रुग्णापाशी थांबून विचार करावा लागतो. यंत्राचा, म्हणजे संगणकाचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा, प्रश्न येतो तो इथे.

मुळात जादा तपासणीने काय बिघडते? तपासून घेतलेले बरे, असेच बहुतेकांना वाटते. उत्तर साध्या गणितात आहे. रक्ताच्या तपासणीची ‘नॉर्मल’ मर्यादा ठरवताना साधारणतः निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांची मूल्ये धरली जातात. म्हणजे धडधाकट माणसांपैकी पाच टक्के लोक प्रत्येक तपासणीत त्या मर्यादेबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्यांचे पॅकेज घेतले, तर सगळे वीस आकडे मर्यादेत येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के उरते. शंभरातल्या उरलेल्या ६४ निरोगी माणसांच्या कागदावर एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो. मग तो आकडा पुन्हा तपासायचा, सोनोग्राफी करायची, तज्ज्ञाला दाखवायचे. सवलतीच्या ‘फुल बॉडी चेकअप’ची खरी किंमत ही अशी नंतर कळते.

डॉक्टरांनाही हे गणित सहज सुटत नाही. १९७८ मध्ये हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतील ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला गेला: हजारात एकाला होणारा रोग आहे, त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून ‘रोग आहे’ असे सांगते, तर चाचणीत होकार आलेल्या माणसाला तो रोग खरोखर असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांनी ९५ टक्के असे उत्तर दिले. हजार जणांना तपासले तर खरा रोगी एक आणि खोटे होकार सुमारे पन्नास. म्हणजे ५१ मध्ये एक, अवघे दोन टक्के. हे उत्तर ६० पैकी ११ जणांनाच देता आले. चाचणी तीच असते, पण ती कोणावर केली यावर तिच्या उत्तराचा अर्थ ठरतो. अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत हाच, आणि पुढे वैद्यकातील पहिली संगणकी मदत याच सिद्धांतावर उभी राहिली.

या गणिताकडे एका संपूर्ण देशाने दुर्लक्ष केले तर काय होते, ते दक्षिण कोरियात दिसले. १९९९ पासून तेथे कर्करोगाच्या चाळणी तपासण्यांची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. गळ्याची सोनोग्राफी त्या मोहिमेत नव्हती. पण रुग्णालये थोड्या जादा पैशांत तीही करून देऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेत १५ पट झाले होते आणि त्या एका वर्षात सुमारे ४०,००० लोकांना हा कर्करोग असल्याचे सांगण्यात आले. एवढे रोगी वेळीच सापडले असते, तर या रोगाने होणारे मृत्यू घटायला हवे होते. ते होते तेवढेच राहिले. जन्मभर सुप्त राहिल्या असत्या अशा बारीक गाठी शोधल्या गेल्या, हजारोंच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला रोजची गोळी आयुष्यभरासाठी आली. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी याविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, वृत्तपत्रांनी ती उचलून धरली आणि वर्षभरात या शस्त्रक्रिया लक्षणीय प्रमाणात घटल्या. यंत्राची भूमिका त्यात काहीच नव्हती, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

डॉक्टरांचा निर्णय किती डळमळीत असू शकतो, याचा जुना पुरावा न्यूयॉर्कचा आहे. १९३४ मध्ये तेथील शाळांतील एक हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना शाळेच्या डॉक्टरांनी तपासले आणि १७४ जणांना शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. ज्यांना गरज नाही असे ठरले, ती २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांपुढे उभी केली. त्यांनी ९९ जणांचे टॉन्सिल काढायला सांगितले. राहिलेली ११६ मुले तिसऱ्यांदा तपासली गेली, तेव्हाही जवळजवळ निम्म्यांना तोच सल्ला मिळाला. अखेर हजारांत ६५ मुले उरली. डॉक्टर लबाड नव्हते. प्रत्येक वर्गातल्या साधारण निम्म्या मुलांचे टॉन्सिल वाईट असणारच, अशी त्यांच्या हाताला सवय लागली होती.

महाराष्ट्रात सवयीबरोबर आणखी कारणे येतात. रुग्णाला ‘काहीतरी करून’ हवे असते. साध्या अशक्तपणासाठी सलाईन लावून मागणारे रुग्ण गावोगाव आहेत आणि न लावणारा डॉक्टर तिथे कच्चा ठरतो. डॉक्टरला खटल्याची आणि मारहाणीची भीती असते. आणि पैसा असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो प्रकार वैद्यक परिषदेपुढे नेला आणि ‘कट’ हा आजवर कुजबुजीत बोलला जाणारा शब्द वर्तमानपत्रात आला. डॉ. अरुण गद्रे यांनी ‘कैफियत’ या पुस्तकात प्रामाणिक डॉक्टरांच्याच तोंडून हा व्यवहार मांडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझरने झालेली आढळली. खासगी रुग्णालयांत येणाऱ्या बायकांची प्रकृती वेगळी असते म्हणून एवढा फरक पडतो, असे कोणीही गंभीरपणे म्हणणार नाही.

सर्वांत दुखरे उदाहरण बीड जिल्ह्याचे. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ या वयोगटात हे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, फडावर ना आडोसा ना पाणी, पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले तर ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घातली जाते. तिशीच्या आतबाहेरच्या बाईची पिशवी जाते आणि त्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेली उचल फेडायला ती पुन्हा फडावर जाते. कृत्रिम बुद्धिमत्ता इथे काय करील, हा प्रश्न या विषयाची खरी कसोटी आहे. त्याचे उत्तर देण्याआधी यंत्राने आजवर काय केले ते पाहावे लागेल.

ही कथा आजच्या चर्चेत वाटते त्याहून बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे टिम डी डोम्बल नावाचे शल्यचिकित्सक १९७० च्या सुमारास अचानक पोटात दुखू लागलेल्या रुग्णांचा अभ्यास करत होते. अपेंडिक्स सुजले असे समजून पोट उघडावे आणि आत काहीच सापडू नये, हा तेव्हा नेहमीचा अनुभव होता. उलट, थांबावे तर अपेंडिक्स फुटण्याची भीती. डी डोम्बल यांनी शेकडो जुन्या रुग्णांच्या नोंदी काढल्या: दुखणे कुठे सुरू झाले, कुठे सरकले, उलटी झाली का, दाबल्यावर पोट कडक लागते का, आणि शेवटी निघाले काय. या नोंदींवरून संगणकाने बेझच्या सूत्राने सात संभाव्य निदानांची शक्यता काढायची होती. ३०४ नव्या रुग्णांवर ही पद्धत पडताळून पाहिली. १९७२ मध्ये निष्कर्ष छापले गेले: संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर, रुग्णाला पाहणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरचे ७९.६ टक्के वेळा. त्याच काळात आणखी एक बारकावा पुढे आला. प्रत्यक्ष नोंदींऐवजी डॉक्टरांना आठवणीतून वाटणारी प्रमाणे संगणकाला दिली, तेव्हा त्याची अचूकता उतरली. यंत्राचे बळ गणितापेक्षा काळजीपूर्वक ठेवलेल्या वहीत होते.

दोन वर्षांनी आलेला पुढचा अहवाल अधिक मोलाचा आहे, जरी त्याचे नाव कमी घेतले जाते. प्रयोग चालू असताना डॉक्टरांचेही काम सुधारले. विनाकारण पोट उघडण्याचे प्रमाण एकदम खाली आले आणि शस्त्रक्रियेआधी अपेंडिक्स फुटण्याचे प्रमाणही घटले. म्हणजे नको ती शस्त्रक्रिया कमी झाली आणि हवी ती वेळेवर झाली. ऑगस्ट १९७२ मध्ये प्रयोग संपला आणि दोन्ही आकडे पुन्हा पूर्वीच्या पातळीकडे सरकले. डॉक्टर तेच, रुग्णालय तेच. ठरावीक नमुन्यात प्रश्न विचारण्याची शिस्त गेली आणि आपला निर्णय बरोबर ठरला की चूक हे सांगणारा निरोप बंद झाला. पुढे ब्रिटनमधील आठ रुग्णालयांत १६,७३७ रुग्णांवर हीच पद्धत वापरली गेली. १९८६ च्या अहवालानुसार पोट उघडून आत काहीच न सापडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले आणि अपेंडिक्स फुटण्याचे २३.७ वरून ११.५ टक्क्यांवर आले.

यंत्राशिवायही असे करता येते. कॅनडातील ओटावा येथे इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मुरगळलेल्या घोट्यासाठी एक नियम मांडला: ठरावीक हाडांवर दाबून दुखत नसेल आणि रुग्ण चार पावले टाकू शकत असेल, तर एक्स-रे नको. या एका नियमाने घोट्याचे सुमारे तीस टक्के एक्स-रे टळतात आणि मोडलेले हाड जवळजवळ कधीच सुटत नाही. शंभर रुपयांच्या नियमाने होणारे काम लाख रुपयांच्या यंत्राकडे देऊ नये, ही पहिली पायरी.

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता लीड्सच्या संगणकापेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. डी डोम्बल यांनी कोणती लक्षणे पाहायची ते स्वतः ठरवले होते. आजच्या यंत्राला लाखो चित्रे आणि त्यांची उत्तरे दिली जातात आणि चित्रातले काय पाहायचे हे ते स्वतःच शिकते. त्यामुळे जिथे चित्र वाचायचे असते, तिथे त्याची मदत सर्वाधिक झाली आहे.

क्षयरोगाचे उदाहरण आपल्याजवळचे आहे. थुंकीची जनुकीय तपासणी अचूक असते, पण महाग पडते. खोकणाऱ्या प्रत्येकाची ती करणे गरीब देशांना झेपत नाही. छातीचा एक्स-रे स्वस्त, परंतु तो वाचणारा तज्ज्ञ गावात नसतो. मुंबईतील ‘क्युअर डॉट एआय’सह काही कंपन्यांनी एक्स-रे वाचणाऱ्या प्रणाली तयार केल्या. ढाक्यातील तीन केंद्रांवर आलेल्या २३,९५४ लोकांच्या एक्स-रेंवर अशा पाच प्रणालींची तुलना झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी यंत्राने एक्स-रे चाळला तर जनुकीय तपासण्या निम्म्याने कमी करूनही नव्वद टक्क्यांहून अधिक क्षयरोगी सापडतात, असे तीत दिसले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील लोकांच्या चाळणीसाठी अशा प्रणालींना मान्यता दिली. यंत्र इथे आधी बसते आणि पुढचे महाग दार कोणासाठी उघडायचे ते सुचवते. हे त्याचे सर्वांत निर्धोक काम.

दुसरे काम म्हणजे शरीरात नळी किंवा सुई घालण्याची वेळ टाळणे. अँजिओग्राफी करावी आणि अडथळा सापडू नये, हे हृदयरोगात वारंवार घडते. सीटी स्कॅनच्या चित्रांवरून रोहिणीतील रक्तप्रवाहाचे गणित मांडणारी एक पद्धत २०१५ मध्ये युरोपात तपासली गेली. ज्यांची अँजिओग्राफी ठरली होती, त्यांतील ६१ टक्के रुग्णांची ती या तपासणीनंतर रद्द झाली. प्रोस्टेटच्या एमआरआयबाबत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तुलनेत ६२ क्ष-किरणतज्ज्ञांसमोर यंत्र उभे केले गेले. तज्ज्ञांइतकेच महत्त्वाचे कर्करोग शोधताना यंत्राचे खोटे इशारे निम्म्याने कमी होते आणि ज्यांना हात लावण्याची सहसा गरज नसते असे सौम्य कर्करोग त्याने २० टक्के कमी दाखवले. कोरियाची गोष्ट आठवली म्हणजे या शेवटच्या आकड्याचे मोल कळते. ही तुलना मात्र जुन्या चित्रांवर झालेली आहे. चालत्या दवाखान्यातली नव्हे.

तिसरे काम टांझानियात झाले आणि भारताने सर्वांत जवळून पाहावे असे तेच आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आजारी मुलांना तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या हाती टॅबलेट दिला गेला. तो पायरीपायरीने विचारतो: श्वास मोजला का, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू किती, रक्तातली सूज दाखवणारी छोटी चाचणी काय म्हणते, आणि मग प्रतिजैविक हवे की नको ते सुचवतो. चाळीस केंद्रांत ४४ हजारांहून अधिक वेळा मुलांना तपासले गेले. नेहमीच्या पद्धतीत ७०.१ टक्के मुलांना प्रतिजैविक मिळत होते. टॅबलेट असलेल्या केंद्रांत २३.२ टक्क्यांना. सातव्या दिवशी बरी न झालेली मुले दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात होती. या प्रणालीतले नियम डॉक्टरांनी लिहिलेले होते, यंत्राने स्वतः शिकलेले नव्हते. तरीही, किंवा त्यामुळेच, ती कामी आली. ‘औषध नको’ म्हणायला लहान पदावरच्या कर्मचाऱ्याला जो आधार लागतो, तो तिने दिला.

आता दुसरी बाजू. स्तनाच्या एक्स-रेवर संशयास्पद जागा खुणावणाऱ्या संगणकी प्रणालीला अमेरिकेत १९९८ मध्ये परवानगी मिळाली. ती वापरली की तपासणीमागे जादा पैसे मिळत, त्यामुळे ती झपाट्याने पसरली. २००७ मध्ये ४३ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रणाली आल्यावर सुई टोचून गाठीचा तुकडा काढण्याचे प्रमाण जवळपास २० टक्के वाढले होते, निरोगी बाईला निरोगी म्हणण्याची अचूकता ९०.२ वरून ८७.२ टक्क्यांवर उतरली होती, आणि आक्रमक कर्करोग अधिक सापडल्याचे दिसत नव्हते. २०१५ मध्ये आणखी मोठ्या अभ्यासातही फायदा आढळला नाही. तोवर त्या प्रणालीवर दरवर्षी चाळीस कोटी डॉलरहून अधिक खर्च होत होता. चाचणी कमी करण्याच्या नव्हे, तर अधिक शोधण्याच्या हेतूने ते यंत्र बांधले होते, आणि त्याने सांगितलेले काम चोख केले.

स्वीडनने तोच एक्स-रे वेगळ्या हेतूने यंत्रापुढे ठेवला. तेथे प्रत्येक चित्र दोन तज्ज्ञ वाचतात. ८०,००० हून अधिक स्त्रियांच्या चाचणीत एका गटाच्या चित्रांना यंत्राने जोखमीनुसार क्रमांक दिले, दुसऱ्या गटाची नेहमीसारखी दोघांनी वाचली. यंत्राच्या गटात कमी जोखमीची चित्रे एका तज्ज्ञाने आणि जास्त जोखमीची दोघांनी वाचली. २०२३ च्या अहवालानुसार वाचनाचे काम ४४ टक्के घटले, हजार स्त्रियांमागे सापडणारे कर्करोग ५ वरून ६ वर गेले आणि खोटे इशारे दोन्ही गटांत दीड टक्काच राहिले. जादा सापडलेल्या कर्करोगांत सुप्त राहणारे किती, हा प्रश्न स्वीडनच्या संशोधकांनीही खुला ठेवला आहे. तरी फरक स्पष्ट दिसतो. अमेरिकेत यंत्राने जास्त खुणा केल्या की पैसे वाढत होते. स्वीडनमध्ये तज्ज्ञांचा वेळ वाचत होता. यंत्रापेक्षा त्याच्यामागचा हिशेब निकाल ठरवतो.

चुकीचा इशाराही अनावश्यक तपासणीच असतो. रक्तातल्या गंभीर संसर्गाची आगाऊ सूचना देणारी एक प्रणाली अमेरिकेतील शेकडो रुग्णालयांत बसवली गेली होती. मिशिगनमध्ये ती स्वतंत्रपणे तपासली गेली तेव्हा, २०२१ च्या अहवालानुसार, दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांबाबत ती घंटा वाजवत होती आणि खरा संसर्ग झालेल्या ६७ टक्क्यांबाबत गप्प होती. अशी घंटा परिचारिका चार दिवसांत ऐकेनाशी होतात. कंपनीने सांगितलेली अचूकता आणि आपल्या वॉर्डातली अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मोजल्याशिवाय कोणतीही प्रणाली विकत घेणे हा रुग्णांवर अन्याय आहे.

यंत्र ज्या नोंदींवर शिकते, त्यांतला दोषही ते शिकते. १९९० च्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांवर शिकवलेल्या एका प्रणालीने दमेकरी रुग्णांना धोका कमी असतो असा निष्कर्ष काढला. नोंदी खऱ्या होत्या. दमेकऱ्यांना थेट अतिदक्षता विभागात नेले जात असल्याने ते वाचत होते. दुसऱ्या एका प्रणालीने रुग्णाची गरज त्याच्यावर झालेल्या खर्चावरून मापली. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असल्याने ते अधिक आजारी असूनही मदतीच्या यादीत मागे पडले. हे २०१९ मध्ये उघड झाले. आता बीडकडे परत यावे. तिथल्या नोंदी घेऊन कोणी यंत्र शिकवले, तर तिशीतली बाई, पांढरे जाणे, पोटात दुखणे आणि उत्तर ‘पिशवी काढावी’, अशी हजारो उदाहरणे त्याला मिळतील. जे रूढ तेच योग्य, असे ते शिकेल आणि पुढच्या बाईला निर्विकार अचूकतेने तोच सल्ला देईल. अनावश्यक उपचार हाच जिथे रिवाज झाला आहे, तिथल्या नोंदी यंत्राला शिक्षक म्हणून चालत नाहीत. त्यासाठी प्रत्येक नोंदीवर निःस्पृह तज्ज्ञाने ‘गरज होती’ किंवा ‘नव्हती’ असा शेरा मारावा लागतो. ते काम संथ आणि खर्चिक आहे, म्हणूनच टाळले जाते.

पैसे देणारा यंत्र वापरू लागला की वेगळाच धोका उभा राहतो. अमेरिकेत एका मोठ्या विमा कंपनीच्या डॉक्टरांनी संगणकी प्रणालीच्या आधारे दोन महिन्यांत तीन लाखांहून अधिक दावे, प्रत्येकी सरासरी १.२ सेकंदांत, नाकारल्याचे वृत्त प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये दिले. कॅलिफोर्नियाने पुढच्याच वर्षी कायदा केला: उपचार वैद्यकीयदृष्ट्या अनावश्यक आहे हा निर्णय यंत्राला घेता येणार नाही, तो परवानाधारक डॉक्टरनेच घ्यायचा. दुसरीकडे, अमेरिकी सरकारने वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत जानेवारी २०२६ पासून सहा राज्यांत एक प्रयोग सुरू केला. गुडघ्याच्या झिजेसाठीची दुर्बीण-शस्त्रक्रिया आणि अशाच निवडक उपचारांना मंजुरी देण्याआधी खासगी कंपन्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने छाननी करतात. नकार देण्याआधी डॉक्टरने पाहणे बंधनकारक आहे. पण कंपन्यांना वाचलेल्या रकमेतून हिस्सा मिळतो. उपचार वाढवण्यावर दिला जाणारा कट आणि उपचार नाकारण्यावर दिला जाणारा हिस्सा, दोन्ही रुग्णाच्या पाठीमागे ठरतात.

भारतात रुग्णाच्या खिशातून थेट होणारा खर्च २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चाच्या ३९.४ टक्के होता. म्हणजे अनावश्यक तपासणीचे बिल बहुधा घरातलेच कोणीतरी, दागिना मोडून किंवा व्याजाने घेऊन, भरत असते. आयुष्मान भारत योजनेत संशयास्पद दावे हुडकण्यासाठी यंत्राचा वापर होतो, तो योग्यच आहे. परंतु खोटा दावा आणि अनावश्यक उपचार यांत फरक आहे. रुग्ण खरा, शस्त्रक्रिया खरी, कागद पूर्ण, सही जागच्या जागी, आणि तरीही शस्त्रक्रियेची गरज नव्हती, हा प्रकार फसवणूक शोधणाऱ्या यंत्राच्या नजरेत येत नाही. त्यासाठी आधी गरज कशाला म्हणायचे हे वैद्यकानेच लिहून द्यावे लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने २०१९ मध्ये कर्करोगोपचारात टाळाव्यात अशा दहा प्रथांची यादी भारतासाठी प्रसिद्ध केली. तशी यादी स्त्रीरोग, अस्थिरोग, हृदयरोग आणि बालरोग या प्रत्येक शाखेची हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्च २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत आणि यंत्रावर माणसाची देखरेख असावी हे त्यांत स्पष्ट आहे. तो माणूस कोणाकडून पगार घेतो, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाला मिळायला हवा.

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी रुग्णालयांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग पडले. परवानगीच्या त्या अर्जांत वय, तक्रार, आधीचे उपचार आणि रुग्णालयाचे नाव असते. काढलेल्या पिशवीचा प्रयोगशाळेतला अहवाल त्या अर्जाला जोडला, तर लीड्समध्ये जी वही होती तीच महाराष्ट्रात तयार होते: निर्णय काय घेतला आणि आत निघाले काय. कोणत्या रुग्णालयात चाळिशीच्या आतल्या किती जणींची पिशवी काढली गेली आणि त्यांतल्या किती निरोगी निघाल्या, हे सांगायला साधा संगणक पुरेसा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम त्यानंतर सुरू होते. आधी प्रत्येक ऊसतोड जिल्ह्यात या आकड्यांचा तक्ता दर महिन्याला काढावा, तो संबंधित डॉक्टरला पाठवावा आणि जिल्हा रुग्णालयाच्या दारात मराठीत लावावा.